घोड्याचे नेत्रविकार

घोड्याचे नेत्रविकार : घोड्याच्या पापण्या, स्वच्छमंडल (डोळ्याचा पारदर्शक पुढचा भाग) आणि नेत्रगोलाच्या आतील पटले यांना इजा, जंतुसंसर्ग, परजीवी किंवा अर्बुद (गाठ) यांमुळे होणारे विकार. यांपैकी काही विकारांत उपचारास एकदोन दिवसांचा विलंब झाला, तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

शिर्डी (जि. अहिल्यानगर) येथे साईबाबांच्या (मृत्यू १९१८) काळी चावडीच्या मिरवणुकीत श्यामसुंदर हा घोडा सजवून आणीत, त्याची समाधी लेंडीबागेत आहे. जवळच्या येवले (जि. नासिक) येथे दर मंगळवारी घोड्यांचा बाजार भरतो. टांगा, वरात व मिरवणूक यांसाठी घोडा पाळणाऱ्या कुटुंबाचे उत्पन्न पुष्कळदा एकाच जनावरावर अवलंबून असते. दृष्टी मंदावलेला घोडा गर्दीत बिचकतो व त्यामुळे स्वार आणि पादचारी या दोघांनाही धोका उद्‌भवतो.

रचना : भूचर सस्तन प्राण्यांत घोड्याचा डोळा सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना व काहीसे पुढे आलेले असल्यामुळे त्याला जवळजवळ सर्व बाजूंचे दिसते; मात्र त्यामुळेच काटे, चाऱ्यातील काड्या व चाबकाचे टोक यांपासून डोळ्यास इजा होण्याचा संभव वाढतो. बाहुली आडवी असून तिच्या कडेवर काळसर गाठी असतात. त्या नैसर्गिक असून विकाराचे लक्षण नव्हेत.

लक्षणे : अर्धवट मिटलेला डोळा, सतत वाहणारे पाणी, प्रकाश सहन न होणे आणि पापणीची सूज ही प्रमुख लक्षणे होत. निरोगी डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ आडवे असतात. वेदना होत असल्यास ते खाली झुकतात. समोरून उभे राहून दोन्ही डोळ्यांची तुलना केली असता हा फरक सहज ध्यानात येतो. झापडे लावलेल्या घोड्याची लक्षणे झाकली जातात, म्हणून काम संपताच झापडे काढून डोळे पाहावेत.

प्रमुख विकार : (१) स्वच्छमंडलाचा व्रण : हा बहुधा ओरखड्यातून होतो. त्यात सूक्ष्मजंतूंचा किंवा कवकांचा (बुरशीचा) संसर्ग झाल्यास व्रण झपाट्याने खोल जाऊन डोळा फुटू शकतो. उष्ण व दमट हवेत कवकसंसर्ग अधिक आढळतो. (२) आवर्ती अंतर्नेत्रशोथ : परितारिका (बाहुलीभोवतीचे रंगीत पटल) व तिच्यालगतची पटले यांचा शोथ (दाहयुक्त सूज) पुनःपुन्हा उद्‌भवतो. प्रत्येक वेळी डोळा निवल्यासारखा वाटला, तरी आतील हानी वाढत जाऊन मोतीबिंदू व शेवटी अंधत्व येते. चंद्रकलांशी याचा संबंध असल्याची यूरोपात जुनी समजूत होती. प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारयंत्रणाच डोळ्यावर उलटते. लेप्टोस्पायरा या सूक्ष्मजंतूंचा संसर्ग हे त्याचे एक कारण आहे. (३) डोळ्यातील जंत : सेटॅरिया डिजिटाटा हा मूळचा गुरांच्या उदरपोकळीतील कृमी असून त्याचा प्रसार डासांमार्फत होतो. घोड्याच्या शरीरात त्याचे अपक्व कृमी भरकटत नेत्रजलात येतात. पांढऱ्या दोऱ्यासारखा वळवळणारा कृमी नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तो राहिल्यास स्वच्छमंडल गढूळ होते. भूल देऊन लहानशा छेदातून पशुवैद्य तो काढतात. घोडा व गुरे एकत्र बांधली जातात तेथे डासांचा बंदोबस्त महत्त्वाचा ठरतो. (४) पापण्यांचा कर्करोग : डोळ्याभोवती गुलाबी कातडी असलेल्या घोड्यांत याचा संभव अधिक असतो. वरातीसाठी पसंत केले जाणारे नुकरा घोडे या प्रकारात मोडतात. तीव्र ऊन हे एक कारण असल्याने त्यांना दुपारी सावलीत बांधणे इष्ट असते.

तातडीचे उपाय : घोड्याचे काम ताबडतोब थांबवून त्यास सावलीत बांधावे व डोळा घासू देऊ नये. धूळ गेली असल्यास निर्जंतुक लवणजलाने हलकेच धुवावे. रुतलेली वस्तू मात्र ओढून काढू नये. घरगुती अंजने किंवा पूर्वीचे उरलेले मलम कदापि घालू नये. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. अंतर्नेत्रशोथात ते उपयुक्त असले, तरी व्रणात संसर्ग बळावून त्यामुळे डोळा गमावला जाऊ शकतो. हे दोन्ही विकार बाहेरून सारखेच दिसतात. फ्ल्युओरेसीन हे रंजकद्रव्य घातल्यावर व्रणाची जागा हिरवी दिसते. ही परीक्षा केल्यानंतरच पशुवैद्य औषध ठरवितात. बाहुली विस्फारण्यासाठी ॲट्रोपीन दिले असता आतड्यांची हालचाल मंदावू शकते, म्हणून लीद व पोटदुखीकडे लक्ष ठेवावे लागते.

एका डोळ्याने अंध झालेला घोडा योग्य हाताळणीने पुष्कळदा हलके काम करू शकतो. त्याच्या अंध बाजूने जाताना आधी आवाज द्यावा. दुखऱ्या डोळ्याच्या घोड्यास मात्र कामास जुंपू नये. आजार वा जखम यांमुळे अक्षम असलेल्या जनावराकडून काम करवून घेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये गुन्हा आहे.