थोडक्या जागेतली बाग (9) : उभ्या वाढीची झाडं

चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्यात जमीन मरल्यात मोजतात. वीस मरल्यांचा एक कनाल. चंदीगडकडे घराच्या प्लॉटचा मरला साधारण 25 चौरस यार्डांचा धरतात. म्हणजे पाच मरल्यांचं घर आपल्या हिशेबात सव्वाअकराशे चौरस फुटांचं. त्यातून बांधकाम, गाडी आणि जिना वजा केला की बागेच्या वाट्याला भिंतीलगतची चार-पाच फुटांची पट्टी येते. शेजारच्या चंदीगडच्या सेक्टरांची गोष्ट वेगळी. तिथे रस्ते आखतानाच कडेला कुठली झाडं लावायची याचा विचार झाला आणि डॉ. महिंदर सिंग रंधावा यांच्यासारख्या झाडवेड्या अधिकाऱ्याने त्यात जातीने लक्ष घातलं. मनीमाजरा हे त्याआधीचं, किल्ल्याचं जुनं गाव. 1966 साली पंजाबची पुनर्रचना झाली तेव्हा ते केंद्रशासित प्रदेशात आलं. 2020 मध्ये त्याला सेक्टर 13 हा क्रमांकही मिळाला, पण क्रमांकाने गल्ल्या रुंद होत नाहीत.

तिथल्या एका वाचक बाईंनी विचारलं आहे : घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये पाच फुटांची जागा आहे, शेजारच्या जिन्यावरून थेट आमच्या खोलीत दिसतं, तर पसरणार नाही असं उंच झाड कोणतं लावू? नर्सरीत त्यांना अर्थातच अशोक सुचवला गेला. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतही हेच उत्तर मिळालं असतं. उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे.

झाड अरुंद राहतं ते वेगवेगळ्या कारणांनी, आणि त्या कारणावर त्याचं पुढचं सगळं वागणं ठरतं. फांदीच्या पेशींमध्ये पिठूळ कण असतात. ते जडपणाने खाली बसतात आणि त्यावरून फांदीला वर-खाली कळतं. त्या खुणेवर कोणत्या कोनात वाढायचं हे त्या-त्या झाडाच्या वाणात ठरलेलं असतं. पीचचा खांबासारखा सरळ वाढणारा एक प्रकार आहे. त्याच्यात फांद्यांना आडवं पसरायला लावणारं एक जनुक निकामी झालेलं असतं, हे 2013 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं.

सरो या पहिल्या, सरळ वर वाढणाऱ्या फांद्यांच्या जातकुळीतला. कोकणच्या किनाऱ्यावरचा सुरू निराळा. हा मोगल बागांतला, लघुचित्रांत फुललेल्या फळझाडाशेजारी उभा असलेला. मनीमाजऱ्याहून पिंजोर जवळच आहे. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने सतराव्या शतकात तिथे सात टप्प्यांची बाग रचली. तिथल्यासारख्या उतारावर पाणी निचरून जातं आणि सरोला तेच हवं असतं. घराच्या पट्टीत, जिथे पावसाळ्यात गच्चीचं पाणी येऊन साचतं, तिथे त्याची मुळं कुजतात. मोरपंखी त्या मानाने सोशिक. तिचं एक पान हातात घेऊन पाहावं : चपटा हिरवा पंखा, पण आडवा धरलेला नाही, कडेवर उभा केलेला, दोन्ही बाजूंनी सारखाच हिरवा. असे शेकडो पंखे वहीच्या पानांसारखे एकमेकांना लागून उभे असतात, म्हणून लहानपणी ती इतकी आटोपशीर दिसते. वय वाढलं की मात्र ती मधून उकलते, खालून उघडी पडते. आणि उघड्या, जुन्या लाकडातून तिला पुन्हा फुटवा येत नाही. त्यामुळे कात्री दरवर्षी, हलकी, हिरव्या भागातच चालवायची. एकदा जोरात छाटली की ती जागा कायमची भकास.

अशोकाचं तंत्र बरोबर उलटं. (हा सीतेचा अशोक नव्हे, केशरी फुलांचा तो लहान वृक्ष वेगळाच.) याच्या फांद्या वर चढत नाहीत, खोडाला लगटून खाली लोंबतात. लांब, चकचकीत, नागमोडी कडांची पानं एकावर एक पडदा धरतात. त्यामुळे अशोक रुंदीत सहा-सात फुटांच्या आसपास राहतो आणि उंचीत चाळीस फूट सहज गाठतो. त्याचा शेंडा हाच त्याचा आकार. विजेच्या तारांखाली तो लावला की एक दिवस शेंडा छाटला जातो, मग कापलेल्या जागेतून चार-पाच फुटवे एकदम निघतात आणि वर केरसुणी तयार होते. तारा असतील तर अशोकाचा विचारच करू नये. एरवी टेल्ड जे हे हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू त्याच्या पानांवर अंडी घालतं आणि फळांवर रात्री वटवाघळं येतात. काहींना हे आवडतं, काहींची गाडी खाली उभी असते.

तिसरा प्रकार ताड कुळातला : फांद्याच नाहीत. रॉयल पाम दारापाशी रुबाबदार दिसतो, पण त्याची वाळलेली झावळी वरून सुटते तेव्हा तिचं वजन चांगलंच जाणवतं. पाच फुटांच्या वाटेवर मी तो लावणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी नर्सरीत कोणी सांगत नाही. मनीमाजरा उत्तरेला जवळपास 30.7 अंशांवर आहे, पुणे 18.5 वर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी पुण्यात सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो, मनीमाजऱ्यात जेमतेम 36. म्हणून दहा मीटर उंच झाडाची सावली पुण्यात नऊ मीटर पडते आणि तिथे जवळजवळ चौदा. जानेवारीत धुकं ओसरल्यावर दुपारी मिळणारं दोन-तीन तासांचं ऊन हा त्या गावांतला खरा ऐवज. गच्चीवर खाट टाकून शेंगा सोलत बसणारं घर त्या उन्हासाठीच वर आलेलं असतं. दक्षिणेच्या भिंतीलगत सदाहरित अशोकांची सलग रांग लावली तर ते ऊन आपण स्वतःच अडवलं.

जूनमध्ये दुपारी बारा-साडेबाराला त्याच झाडाची सावली सव्वा मीटरभर. म्हणजे उन्हाळ्यात डोक्यावर सावली हवी म्हणून अरुंद झाड लावणं व्यर्थ. पण तोच सूर्य दुपारी साडेचारच्या सुमारास पुन्हा 36-37 अंशांवर उतरतो आणि पश्चिमेची भिंत भाजून काढतो. उभ्या झाडांची खरी जागा ही, पश्चिमेची. तिथे अशोकांची रांग खुशाल लावा. ती सावली देत नाही, पडदा धरते, आणि पश्चिमेला पडदाच हवा असतो.

बाईंची पट्टी दक्षिणेला आहे, म्हणून तिथे हिवाळ्यात पानं गाळणारं काहीतरी हवं. माझी पसंती सावनीला. एकच खोड राखून, खालचे फुटवे काढत वाढवली तर ती दहा-बारा फुटांवर छान उभी राहते. नव्या फुटव्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसात गुलाबी-जांभळे तुरे येतात, म्हणून छाटणी जानेवारीअखेर. डाळिंबही असंच चालेल. दोन्ही झाडं थंडीत उघडी होतात. तेव्हा शेजाऱ्यांना खोली दिसणारच. तेवढ्यापुरता पडदा खिडकीला लावावा, ते झाडाचं काम नव्हे.

झुडपांत कुंतीला तोड नाही. सहा फुटांवर राखता येते, रुंदी कात्री ठरवते, आणि पावसाळ्यात एका रात्रीत सगळी पांढरी होते. बांबू हवाच असेल तर बेटाने वाढणारा, दाट कुंपणाचा बारीक बांबू घ्यावा. जमिनीखालून पळणारी जात घेतली तर पुढच्या पावसाळ्यात ती शेजाऱ्याच्या फरशीतून डोकं काढते. आपल्याकडून हौसेने नेलेली सुपारी किंवा इक्झोरा मात्र तिथे नको. रात्रीचं तापमान तीन-चार अंशांवर आलं की पानं करपतात. कढीपत्ता तगतो, पण थंडीत निम्मा उघडा पडतो आणि मार्चमध्ये पुन्हा पालवतो. तो मेला समजून उपटू नये.

उभ्या फांद्यांचा एक दोष लक्षात ठेवायचा. फांदी आणि खोड यांच्यातला कोन अगदी चिंचोळा असला की सांध्यात साल दाबली जाते आणि लाकूड लाकडाला जुळत नाही. वरून सांधा घट्ट दिसतो. मे-जूनच्या आंधीत तोच उभा चिरतो. रोप घेताना शेंडे दोन आहेत का ते पाहावं. असतील तर दुबळा लगेच काढावा. बोटाएवढा असताना ती जखम वर्षभरात भरून येते.

सदाहरित झाडं जुलै-ऑगस्टमध्ये लावावीत. पानगळीची डिसेंबर-जानेवारीत, झोपेत असताना. डाळिंबाची रोपं तर तेव्हा त्या भागात मातीशिवाय, उघड्या मुळांनीही विकायला येतात. खोड घराच्या भिंतीपासून निदान तीन फुटांवर राहील असा खड्डा घ्यावा. पाच फुटांच्या पट्टीत याचा अर्थ एकच ओळ, घरापेक्षा कुंपणाच्या जवळची, आणि चालायची वाट तिच्या घराकडच्या बाजूने. कुंपणाची भिंत जुनी, विटांची असेल तर तिच्या बाजूला उरलेले दोन फूट कमीच. तिथे झाड सोडून वेल चढवावी. वेलींचं पुढच्या आठवड्यात पाहू.