पडदा काचेच्या कुठल्या बाजूला?

एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेच्या खिडकीपाशी जा आणि पडदा व काच यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहा. आमच्या झोपायच्या खोलीतल्या जाड मरून पडद्यामागे मी पहिल्यांदा असा हात घातला, तेव्हा तापल्या तव्यावर धरल्यासारखी धग लागली. ऊन अडावं म्हणून मुद्दाम गडद कापड घेतलं होतं. उजेड अडला होता. उष्णता मात्र खोलीतच मुक्कामाला होती.

अशा वेळी पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला साधारण 600 वॉट ऊन पडतं. चार बाय पाच फुटांची खिडकी म्हणजे पावणेदोन चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त. साधी काच त्यातलं बहुतेक ऊन आत सोडते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात आपण खोलीत जवळजवळ हजार वॉटचा हीटर लावून बसतो. गडद पडदा हे ऊन शोषतो, तापतो आणि स्वतः अवरक्त किरण सोडू लागतो. या किरणांची तरंगलांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास असते आणि इतक्या लांब तरंगांना काच बाहेर जाऊ देत नाही. शिवाय मधल्या फटीतली हवा तापून वर चढते आणि पडद्याच्या माथ्यावरून खोलीत उतरते.

म्हणून पडदा घेताना कापड किती जाड, यापेक्षा महत्त्वाचं असतं ते उन्हाची उष्णता कुठे होते हे. ती काचेबाहेर झाली तर वारा घेऊन जातो, आत झाली तर ती आपली. जुन्या वाड्यांच्या लाकडी झडपा आणि व्हरांड्यात सोडलेली बांबूची चिक हे काम बाहेरच उरकत असत. बाल्कनी असेल तर आजही चिकेइतका स्वस्त आणि नेमका उपाय मला दुसरा दिसत नाही. सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल, तर पडद्याला काचेकडून पांढरं अस्तर शिवून घ्यावं. पांढरं कापड प्रकाशाला प्रकाश असतानाच परत फिरवतं आणि प्रकाशाला काचेतून बाहेर जायची वाट मोकळी असते. घराच्या आतून पडदा मरून दिसो की मोरपंखी, हरकत नाही.

दक्षिणेच्या खिडकीला एवढी तयारी लागत नाही. मार्चअखेरीस पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सत्तर अंशांहून वर असतो, त्यामुळे साधा छज्जाही पुरेशी सावली देतो. डिसेंबरात तो अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो आणि तेव्हा ते ऊन हवंसंच असतं. मावळतीचं ऊन मात्र तिरपं छज्ज्याखालून शिरतं, म्हणून खरी काळजी पश्चिमेची.

विदर्भाने यापुढची पायरी गाठली होती: वाळ्याच्या पडद्यावर पाणी शिंपडायचं. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. त्यातली बरीचशी आत येणाऱ्या झळांमधूनच काढून घेतली जाते. नागपूरच्या कोरड्या हवेत याने खोली निवते. मुंबईच्या दमट हवेत पाणी नीट उडतच नाही; तिथे फक्त वास दरवळेल.

झोपायच्या खोलीत आणखी एक हिशेब आहे. डोळ्यांच्या पडद्यावरच्या काही पेशी चित्र पाहण्यापेक्षा शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्याचं काम करतात आणि निळसर प्रकाशाला त्या जास्त जागतात. रस्त्यावरच्या पांढऱ्या एलईडी दिव्यासाठी दाट पडदा हवाच, पण सकाळी उठल्याबरोबर तो पूर्ण सारावा, कारण त्या घड्याळाला सकाळचा उजेडही तितकाच लागतो. लहान मूल असेल तिथे लोंबत्या दोरीचे ब्लाइंड्स अजिबात लावू नयेत. तो फास गळ्याभोवती बसू शकतो.

स्वयंपाकघरात गॅसजवळ कापड नकोच. सुती कापड भडकतं, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटतं. पुसता येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बऱ्या. दिवाणखान्यातला जाळीचा पांढरा पडदा दिवसा उत्तम, कारण त्याचे धागे बाहेरचं ऊन विखुरतात आणि त्या चकाकीत रस्त्यावरच्या माणसाला आतलं दिसत नाही. दिवे लागले की खेळ उलटतो, म्हणून जोडीला दुसरा पडदा लागतोच.

आणि न्हाणीघराची धुरकट काच. तिची एक बाजू खरखरीत असते. त्या उंचसखल पृष्ठावर प्रकाश विखुरतो, म्हणून आरपार दिसत नाही. तिच्यावर पाणी बसलं की खाचा भरतात आणि पाण्यातून प्रकाश काचेत फारसा न वळता जातो, त्यामुळे ओला भाग बराच पारदर्शक होतो. काच बसवताना गुळगुळीत बाजू आत ठेवायला सुताराला आवर्जून सांगावं. गोव्यातल्या पोर्तुगीज काळातल्या जुन्या घरांत खिडक्यांना चपट्या शिंपल्यांचे तुकडे बसवलेले असत. त्यांतून बाहेरचं काही दिसत नाही, पण दुपारचं पांढरं ऊन त्यांतून गाळून खोलीभर मऊ, दुधाळ होऊन पसरतं.