सांडलेलं तेल परत भरता येत नाही

समुद्रात तेल सांडल्याची गोष्ट मुलांना सांगायची झाली की चित्रं ठरलेली असतात. तेलात माखलेला काळाकुट्ट पक्षी, त्याला साबणाने आंघोळ घालणारी माणसं, पाण्यावर तरंगणारा नारिंगी अडसर आणि शेवटी पुन्हा निळाशार समुद्र. ऐकायला बरं वाटतं, पण शेवट खोटा आहे. तेल एकदा लाटांवर पसरलं की त्यातलं बहुतेक माणसाच्या हाती पुन्हा लागत नाही. मुलांना हे सांगायला आपण कचरतो. माझ्या मते सुरुवातच इथून करायला हवी, कारण त्याशिवाय खरा उपाय कुठे शोधायचा हे उमगत नाही.

जमिनीतून निघालेलं कच्चं तेल म्हणजे एकच एक पदार्थ नव्हे, तर अनेक घटकांचं मिश्रण. हलके घटक पहिल्या एक-दोन दिवसांत उडून जातात, काही पाण्यात विरघळून माशांच्या अंड्यांपर्यंत पोचतात. उरलेलं तेल लाटांनी घुसळलं जाऊन त्यात पाणी मिसळतं आणि तपकिरी, चिकट लगदा होतो. तो मूळ तेलाच्या तीन-चार पटही भरू शकतो. शेवटी डांबराच्या गोळ्या राहतात. पावसाळ्याच्या सुमारास गोव्याच्या वाळूत चालताना तळपायाला चिकटतात त्या याच. म्हणजे जे गोळा करायचं ते तासातासाला रूप बदलतं, पांगतं, आणि लाटा उसळल्या की अडसराखालून निसटतं. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलफलाटावर स्फोट होऊन ११ कामगार मरण पावले आणि सुमारे १,५०० मीटर खोल समुद्रतळावरची विहीर ८७ दिवस वाहत राहिली. हजारो बोटी कामाला लागल्या. तरी अमेरिकी सरकारच्याच तेव्हाच्या अंदाजानुसार पाण्यावरून उपसून काढलेलं तेल जेमतेम ३ टक्के होतं, आणि जाळून टाकलेलं ५ टक्के.

पक्षी तेलाने मरतो म्हणजे नेमकं काय होतं? त्याच्या पिसांचे बारीक तंतू सूक्ष्म आकड्यांनी एकमेकांत अडकलेले असतात, त्यामुळे आत हवा राहते आणि पाणी बाहेर. तेलाने ही वीण मोडते. ओली गोधडी पांघरून थंडीत बसावं तशी त्याची गत होते; शिवाय पिसं साफ करायला तो चोच लावतो आणि ते तेल पोटात जातं. १९८९ साली अलास्कात ‘एक्सॉन वाल्डेझ’ जहाज खडकावर चढून सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं, तेव्हा अंदाजे अडीच लाख समुद्रपक्षी मेले. अंगात चरबीचा थर नसलेली, केवळ दाट केसांवर थंडी काढणारी समुद्री पाणमांजरंही हजारोंनी गेली. आपल्याकडे पक्ष्यांइतकीच काळजी खारफुटीची करायला हवी. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ ही जहाजं दिवसाढवळ्या आदळली आणि शेकडो टन इंधन तेल रायगडच्या किनाऱ्याकडे गेलं. तिवराची झाडं चिखलातून वर काढलेल्या मुळांच्या छिद्रांतून श्वास घेतात. ती छिद्रं तेलाने बुजली की झाड गुदमरतं, आणि चिखलातल्या खेकड्यांना, निवट्यांना पळायला जागा उरत नाही. खडक घासता येतो, खाजण घासता येत नाही. त्यात उतरलेली माणसं तेल आणखी खोल तुडवतात.

खडक घासूनही भलं होतंच असं नाही. मार्च १९६७ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ ‘टोरी कॅनियन’ हे जहाज फुटलं. त्यातून एक लाख टनांहून अधिक तेल गेलं. सरकारने जहाजावर विमानांतून बॉम्ब टाकले आणि किनाऱ्यावर सुमारे १० हजार टन डिटर्जंट ओतलं. तेल दिसेनासं झालं, पण खडकाला चिकटून शेवाळ खाणाऱ्या, टोपीसारख्या शंखाच्या लिंपेट गोगलगायी त्या डिटर्जंटने मेल्या. खाणारं कुणी उरलं नाही म्हणून खडक हिरवेगार झाले. पाहणाऱ्याला वाटावं निसर्ग बहरला! त्याच किनाऱ्यावरच्या गॉडरेव्ही इथे डिटर्जंट वापरलं नव्हतं, तिथलं जीवन दोन-तीन वर्षांत सावरलं. जिथे भरपूर वापरलं तिथे दहा ते पंधरा वर्षं लागली. अलास्कातही गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी तेलातून वाचलेले कितीतरी जीव भाजून निघाले.

यावर कुणी म्हणेल, मग निसर्गावर सोडा ना. समुद्रतळातून तेल आपोआप झिरपतंच आणि ते खाणारे जिवाणूही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण झिरपणारं तेल थोडं थोडं येतं, आणि त्या ठिकाणचे जीव त्याला सरावलेले असतात. जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. खाजणाच्या चिखलात किंवा गोट्यांखाली तो फारसा पोचत नाही. अलास्काच्या काही किनाऱ्यांवर दोन दशकांनंतरही गोटे उचलले की खाली तेल सापडत होतं. हातावर हात ठेवून बसावं असा याचा अर्थ नाही. फुटलेल्या जहाजाच्या टाक्यांतलं तेल आधी काढून घेणं आणि खाडीच्या तोंडावर वेळेत अडसर टाकणं याचा उपयोग होतोच. मात्र ही झाली नुकसान कमी करण्याची कामं, भरपाईची नव्हेत.

भरवशाची कामं तेल सांडण्याआधीचीच. ‘एक्सॉन वाल्डेझ’ला एकेरी कवच होतं. त्या अपघातानंतर अमेरिकेने १९९० साली कायदा करून तेलवाहू जहाजांना दुहेरी कवच सक्तीचं केलं, पुढे आंतरराष्ट्रीय नियमही आले. १९७० च्या दशकात जहाजांमधून सात टनांपेक्षा जास्त तेल सांडण्याच्या घटना वर्षाला सरासरी पाऊणशेच्या वर होत्या. २०१० च्या दशकात त्या सहा-सातवर आल्या. समुद्रातून होणारी तेलाची वाहतूक दरम्यान वाढली होती. यात दुहेरी कवचाबरोबर चांगल्या दिशादर्शनाचा आणि तपासणीचाही वाटा आहे. तेलविहिरींना मात्र कवच घालता येत नाही, तिथे झडपा आणि सिमेंट यांची चाचणी प्रामाणिकपणे करणं एवढंच हाती असतं. आणि जहाजांचा हिशेबही कायमचा मिटलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये काळ्या समुद्राजवळ केर्चच्या सामुद्रधुनीत वादळात दोन रशियन तेलवाहू जहाजं मोडली. दोन्ही पन्नाशी ओलांडलेली होती. त्यांच्यातलं जड इंधन तेल बरंचसं तरंगलंच नाही, तळाशी गेलं, आणि हजारो स्वयंसेवकांना रशियातल्या अनापाच्या किनाऱ्यावरची वाळूच फावड्याने उपसून पोत्यांत भरावी लागली.