हातातल्या ट्रान्समीटरचा अँटेना

रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानासाठी अँटेना घ्यायला गेले की सगळ्यात आधी पुढे येतो तो गेनचा आकडा. दोन डीबीआय, पाच डीबीआय, आठ डीबीआय. आकडा मोठा तितकी विमानावरची पकड पक्की, असा सर्रास समज आहे. इमारतीच्या गच्चीवर खांबाला कायमचा आवळलेल्या अँटेनापुरता हा हिशेब बरोबर ठरतो. मॉडेल विमानाचा ट्रान्समीटर मात्र माणसाच्या हातात असतो आणि समोरचा रिसीव्हर आकाशात कोलांट्या घेत असतो. इथे संपर्क तुटतो तो जोडी सगळ्यात वाईट स्थितीत सापडते त्या क्षणी, आणि पाव-अर्ध्या सेकंदाचा तो क्षणही जमिनीलगतच्या विमानाला पुरतो. म्हणून अँटेना सर्वांत चांगल्या दिशेला किती जोर लावतो हे नंतर पाहावे. सर्वांत वाईट दिशेला त्याच्याकडे किती उरते, हे आधी.

अँटेना स्वतः शक्ती निर्माण करत नाही. ट्रान्समीटर देईल तेवढीच तो वाटतो, आणि गेन म्हणजे त्या वाटपातला पक्षपात. अर्ध्या तरंगलांबीचा साधा डायपोल घेतला तर त्याचा गेन 2.15 डीबीआय असतो. त्याच्या प्रसारणाचा आकार मेदूवड्यासारखा: अँटेनाची काडी भोकातून आरपार गेलेली, चारी बाजूंना भरपूर आणि काडीच्या टोकाच्या रोखाने जवळजवळ काहीच नाही. पाच डीबीआयचा काडीवजा अँटेना हाच वडा दाबून चपटा करतो. बदल्यात मिळते काय? अंतर दुप्पट करायला 6 डेसिबल लागतात. डायपोलपेक्षा जास्तीच्या या सुमारे 3 डेसिबलमध्ये ते जेमतेम 1.4 पट होते. आणि डायपोलचा सुमारे 78 अंशांचा उभा पट्टा आकसून अंदाजे निम्म्यावर येतो. ट्रान्समीटर पोटाशी धरून, मान वर करून विमान उडवणाऱ्याचे मनगट वीस-तीस अंश कधी कलते हे त्याचे त्यालाही कळत नाही. डायपोल एवढे सहज पोटात घालतो. चपट्या पट्ट्याच्या कडेबाहेर मात्र विमान निघून जाऊ शकते.

दुसरा हिशेब ध्रुवीकरणाचा, आणि तो गेनपेक्षा कितीतरी भारी पडतो. पाठवणारा अँटेना उभा आणि घेणारा आडवा झाला, तर कागदावर संपर्क शून्यावर येतो. प्रत्यक्षात आजूबाजूच्या परावर्तनांमुळे थोडा टिकतो, पण 20 डेसिबलच्या आसपास तूट सहज पडते. 20 डेसिबल म्हणजे अंतर दहाव्या भागावर. विकत घेतलेले 3 डेसिबल अशा तुटीपुढे काय पुरणार! म्हणूनच चांगल्या रिसीव्हरला दोन अँटेना असतात आणि ते एकमेकांशी काटकोनात बसवायचे असतात. त्या बारीक वायरींचे खरे काम करणारे टोक, बाहेरची जाळी काढून उघडे ठेवलेले, जेमतेम 31 मिलिमीटरचे असते. ते कार्बन फायबरच्या सांगाड्याला किंवा बॅटरीला चिकटून राहिले, तर ट्रान्समीटरवर कितीही महागडा अँटेना चढवून उपयोग नाही.

हे 31 मिलिमीटर म्हणजे हल्लीच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या साडेबारा सेंटिमीटर तरंगलांबीचा चौथा हिस्सा. अमेरिकेत मॉडेल विमाने 72 मेगाहर्ट्झवर उडत तेव्हा हाच चौथा हिस्सा सव्वाचार मीटरच्या आतबाहेरच्या तरंगलांबीतून निघे आणि मीटरभराचा घडीचा अँटेना उडवण्याआधी पूर्ण ओढून घ्यावा लागे. युरोपातल्या 35 मेगाहर्ट्झला तर दोन मीटरहून जास्त लांबी हवी. तेवढे हातात धरणे अवघड, म्हणून आखूड दांडीला कॉइलची जोड देऊन भागवत. लांब अँटेना म्हणजे चांगला अँटेना, ही जुनी धारणा त्या काळात बरोबरच होती. 2.4 गिगाहर्ट्झच्या अँटेनाची प्लॅस्टिकची नळी लांब दिसली, तरी आतला बराच भाग नुसती केबल असू शकतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: विमान डोक्यावर, म्हणजे उभ्या अँटेनाच्या टोकाच्या रोखात, असते तेव्हा ते जवळही असते, मग त्या पोकळीची चिंता कशाला? उभ्या अँटेनापुरते हे मान्य. पण बरेच जण अँटेना विमानाकडे बंदुकीसारखा रोखतात, आणि मग लांबवरचे विमान नेमके त्या पोकळीत सापडते. अँटेना दुमडून आडवा किंवा उभा ठेवावा, विमानाकडे त्याची कूस यावी, टोक नव्हे. दुसरा आक्षेप कॅमेऱ्याच्या चित्रावरून दूरवर उडवणाऱ्यांचा: तिथे आठ डीबीआयच्या चपट्या पॅच अँटेनाशिवाय कसे भागेल? विमान एकाच बाजूला राहणार असेल आणि अँटेना तिवईवर असेल, तर जरूर वापरावा. ती परिस्थिती पुन्हा गच्चीवरच्या खांबाची झाली. विमान पाठीमागून वळून येणार असेल, तर पॅचच्या जोडीला साधा अँटेनाही हवा. शिवाय कायदा आहेच. युरोपात 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली 100 मिलिवॉटची मर्यादा अँटेनाचा गेन धरून मोजतात. गेन वाढवला की ट्रान्समीटरची शक्ती तितकी उतरवावी लागते, म्हणजे त्या दिशेला पदरात जास्त काही पडत नाही.

खरेदीत फसगत होते ती बहुधा जोडणीत. एसएमए आणि रिव्हर्स एसएमए यांचे आटे सारखेच, एकमेकांत गुमान बसतात. आत डोकावून पाहावे: एका बाजूला पिन आणि दुसऱ्या बाजूला भोक असेल तरच जोडी जमली. दोन्हीकडे भोक असेल तर अँटेना घट्ट बसलेला दिसतो, पण तारेचा तारेला स्पर्शच नसतो. तसाच ट्रान्समीटर चालू ठेवला तर बाहेर न पडलेली शक्ती परत फिरून आतला ॲम्प्लिफायर जाळू शकते. 5.8 गिगाहर्ट्झचा अँटेनाही दिसायला हुबेहूब असतो आणि 2.4 च्या ट्रान्समीटरवर तो कुचकामी ठरतो.

नवा अँटेना चढवल्यावर ट्रान्समीटर कमी शक्तीच्या रेंज-चाचणीवर टाकून विमानापासून सुमारे तीस पावले लांब जावे. विमान सहकाऱ्याने हातात धरून नाक, शेपूट, पंख आणि पोट अशा सगळ्या बाजूंनी मोटर बंद ठेवून फिरवावे. मग विमान जमिनीवर नीट बांधून मोटर चालू ठेवून चाचणी पुन्हा घ्यावी. ज्या बाजूला सुकाणू अडखळले, त्या बाजूचा रिसीव्हरचा अँटेना आधी हलवावा. बहुतेक वेळा ट्रान्समीटरकडे वळायची गरजच पडत नाही.