उजळलेल्या आकाशात तेजोमेघ टिपताना

तेजोमेघाचे छायाचित्र घेताना कॅमेऱ्यापुढे लावलेला फिल्टर एकच काम करतो: काही तरंगलांबींचा प्रकाश आत सोडतो, बाकीचा अडवतो. त्याने तेजोमेघ कणभरही उजळत नाही; काचेतून जाताना त्याचा थोडा प्रकाश घटतोच. फायदा होतो तो आकाश त्याहून कितीतरी जास्त काळे पडल्यामुळे. म्हणून फिल्टरची निवड दोन प्रश्नांवर ठरते. टिपायच्या वस्तूचा प्रकाश कोणत्या तरंगलांबींचा आहे? आणि आकाश उजळवणाऱ्या दिव्यांचा कोणत्या?

तेजोमेघाचा प्रकाश

मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली दिसणारा एम ४२ हा उत्सर्जन तेजोमेघ आहे. त्याच्या पोटातल्या उष्ण ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी आजूबाजूच्या हायड्रोजनमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि पुन्हा अणूत परतताना ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश सोडतात. यातली छायाचित्रकाराच्या सर्वांत कामाची रेषा ६५६.३ नॅनोमीटरची, गडद लाल. तिला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. ऑक्सिजनच्या दोन रेषा ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरवर, निळसर हिरव्या रंगात येतात. गंधकाच्या ६७१.६ आणि ६७३.१ नॅनोमीटरच्या रेषा लाल भागातच, पण बऱ्याचदा मंद असतात.

ऑक्सिजनच्या या रेषांनी खगोलशास्त्रज्ञांना बराच काळ चकवले. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला, तेव्हा सलग रंगपट्टीऐवजी मोजक्याच तेजस्वी रेषा दिसल्या. त्यातल्या ठळक हिरव्या रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेनात, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. त्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्याच आहेत आणि अतिविरळ वायूतच त्या ठळकपणे उमटतात, हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. हगिन्स यांना दिसलेली हीच गोष्ट आज फिल्टरच्या मुळाशी आहे: जवळजवळ सगळा उपयोगी प्रकाश मोजक्या रेषांत साठलेला असेल, तर मधला सारा वर्णपट फेकून देता येतो.

कृत्तिकांभोवतीच्या निळ्या धुरकट पडद्याचे तसे नाही. तो परावर्तन तेजोमेघ आहे. तिथली धूळ ताऱ्यांचाच प्रकाश विखुरते आणि तो सर्व तरंगलांबींत सलग पसरलेला असतो. दीर्घिकांचा प्रकाशही मुख्यतः असाच. अशा वस्तूंवर अरुंद पट्ट्याचा फिल्टर लावला, तर आकाशाबरोबर वस्तूही पुसली जाते.

दिव्यांचा प्रकाश

रस्त्यांवरचे जुने पिवळे सोडियम दिवे आपला बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास देत. पाऱ्याच्या दिव्यांच्या रेषाही ४३५.८ आणि ५४६.१ नॅनोमीटर अशा ठरावीक जागी येतात. तेवढे भाग कापले की आकाश बऱ्यापैकी स्वच्छ होत असे, आणि प्रकाशप्रदूषणविरोधी म्हणून विकले जाणारे रुंद पट्ट्याचे फिल्टर त्याच हिशेबाने बनले. पांढऱ्या एलईडी दिव्याने हा हिशेब बिघडवला. त्याच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरजवळ एक उंच शिखर आणि पुढे हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला रुंद उंचवटा असतो. तो वेगळा काढून कापता येत नाही. त्यामुळे एलईडी दिव्यांच्या शहरात रुंद पट्ट्याच्या फिल्टरचा उपयोग मर्यादित राहतो.

किती अरुंद पट्टा?

दृश्य प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे ३०० नॅनोमीटरचा पट्टा. आकाशाची उजळी त्यात समान पसरली आहे असे धरले, तर ७ नॅनोमीटरचा फिल्टर तिचा सुमारे त्रेचाळिसावा भाग आत येऊ देतो आणि ३ नॅनोमीटरचा शंभरावा. हायड्रोजन-अल्फाची रेषा मात्र दोन्हींतून बहुतांशी पार होते. अरुंद पट्ट्याची ताकद या गणितात आहे, आणि त्याची किंमतही इथेच मोजावी लागते. आकाश काळे पडले की सेन्सरचा स्वतःचा गोंगाट उघडा पडतो आणि तो झाकण्यासाठी प्रत्येक छायाचित्राला जास्त वेळ द्यावा लागतो. शहरात फिल्टरशिवाय मिनिटभरातच पार्श्वभूमी पांढुरकी होते. अरुंद फिल्टर लावल्यावर एकेक छायाचित्र तीन ते पाच मिनिटांचे घेण्याची पद्धत आहे. इतका वेळ तारे बिंदूवत राहायचे, तर पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई अचूक करणारी बैठक हवी.

कॅमेरा आणि दुर्बीण

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते. ती हायड्रोजन-अल्फाचाही मोठा हिस्सा गिळते. त्यामुळे महागडा फिल्टर घेण्याआधी ही काच बदललेला किंवा खगोलछायाचित्रणासाठीच बनवलेला कॅमेरा हाती असणे जास्त मोलाचे.

रंगीत सेन्सरसाठी द्विपट्टी फिल्टर सोयीचा असतो. तो हायड्रोजन-अल्फा आणि ऑक्सिजन असे दोन पट्टे एकाच वेळी सोडतो. पहिला लाल पिक्सेलवर नोंदला जातो, दुसरा हिरव्या आणि निळ्या पिक्सेलवर. हंस तारकासमूहातला व्हेल तेजोमेघ दोन्ही रेषांत समृद्ध असल्याने या फिल्टरला अगदी योग्य. कृष्णधवल सेन्सरवर हायड्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांचे वेगळे फिल्टर पाळीपाळीने लावून तीन प्रतिमा घेतात आणि त्यांना रंग नेमून देतात. हबल दुर्बिणीच्या १९९५ च्या ‘निर्मितीचे स्तंभ’ या प्रसिद्ध चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिला होता. अशा चित्रांत ताऱ्यांचे नैसर्गिक रंग हरवतात, म्हणून ताऱ्यांसाठी काही छोटी छायाचित्रे फिल्टरशिवाय वेगळी घेतली जातात.

दुर्बिणीचे फोकल गुणोत्तरही पाहावे लागते. हे फिल्टर काचेवर चढवलेल्या अनेक पातळ थरांमधल्या प्रकाशाच्या व्यतिकरणावर चालतात. किरण तिरका आला की पट्टा निळ्या बाजूला सरकतो. एफ/२ सारख्या वेगवान दुर्बिणीत कडेचे किरण इतके तिरके येतात, की ३ नॅनोमीटरच्या पट्ट्यातून नेमकी हवी ती रेषाच निसटू शकते. अशा दुर्बिणीसाठी पट्टा आधीच लाल बाजूला सरकवलेले खास फिल्टर मिळतात. शिवाय काचेच्या जाडीमुळे फोकस थोडा हलतो, त्यामुळे फिल्टर लावल्यावर तो पुन्हा साधावा लागतो. हलक्या प्रतीच्या फिल्टरमध्ये तेजस्वी ताऱ्यांभोवती प्रभावळ उमटते. बाणातल्या पूर्वेकडच्या ताऱ्यालगत असलेला घोड्याच्या डोक्यासारखा तेजोमेघ टिपताना हा दोष पटकन उघड होतो.

निवडीचा क्रम

गावाबाहेरच्या मध्यम आकाशाखाली रुंद पट्ट्याचा फिल्टर पुरतो, कित्येकदा त्याचीही गरज नसते. शहरात रंगीत कॅमेरा असेल तर सुमारे ७ नॅनोमीटरचा द्विपट्टी फिल्टर हा समतोल पर्याय. कृष्णधवल कॅमेरा असेल तर पहिली खरेदी हायड्रोजन-अल्फाची. चंद्रप्रकाश निळ्या भागात जास्त विखुरतो, त्यामुळे चांदण्या रात्री हायड्रोजन-अल्फाचे काम चालू ठेवता येते आणि ऑक्सिजनच्या प्रतिमा अमावस्येच्या आसपास घ्याव्या लागतात.

कृत्तिकांचा निळा पडदा, दीर्घिका, धुळीचे मंद मेघ यांना मात्र अंधारच लागतो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. सलग प्रकाशाच्या या वस्तूंसाठी अशा जागी केलेला प्रवासच फिल्टरचे काम करतो.