नवा लॅपटॉप तापतो, तेव्हा दोष कोणाचा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात एप्रिल-मे हे लग्नसराईचे महिने आणि उन्हाचेही. कापड दुकानदाराला याच दिवसांत चार पैसे मिळतात आणि याच दिवसांत पारा ४२-४३ अंशांवर जातो. गेल्या उन्हाळ्यात ऐन हंगामात आम्ही दुकानासाठी नवा लॅपटॉप घेतला. आठवडा झाला नाही तोच तो इतका तापू लागला की त्यावर हात ठेववेना. एका दुपारी मुलगा म्हणाला, "अब्बा, बंद पडला." सकाळपासून चढवलेली उधारीची यादी गेली. ती वहीतही लिहिलेली होती म्हणून वाचलो. त्या दिवशी मे महिन्याची १८ तारीख होती आणि २० तारखेच्या आत जीएसटीचे ३-बी विवरण भरायचे होते. चुकले तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर सालीना १८ टक्के व्याज.

मुलाचे म्हणणे, यंत्र तडक दुकानदाराच्या अंगावर टाकावे. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले, संगणकाची विद्या मला नाही. पण कापडातला ऐब ओळखण्यात उमर गेली आहे. थान परत पाठवण्याआधी आपण पाहतो की डाग गिरणीतून आला की आपल्याच गोदामात पडला. तोच हिशेब मी यंत्राला लावायचे ठरवले.

आपल्या बाजूचा दोष

पहिला दोष आमच्या गादीचा निघाला. दुकानात आपण गादी-लोडावर बसतो आणि लॅपटॉपही गादीवरच ठेवतो. पुष्कळ लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा आत ओढतात आणि बाजूने किंवा मागून गरम हवा बाहेर टाकतात. गादीत यंत्र रुतले की जाळी बंद होते, म्हणजे तोंडावर उशी दाबून माणसाला पळायला सांगण्यासारखेच.

दुसरा दोष हवेचा. यंत्रातला पंखा हवा थंड करत नाही, फक्त आतली उष्णता बाहेर ढकलतो. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहिलेले असते. आमच्या पत्र्याखालच्या दुकानात दुपारी ती मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. खोली दहा अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. ती १०० अंशांच्या आसपास पोहोचली की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करते. एवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद होते. काम रखडते ते याच कारणाने.

तिसरा दोष कापडाच्या तंतूंचा. नव्या यंत्रात ते आठवड्यात भरत नाहीत, पण आमचा जुना संगणक उघडला तेव्हा पंख्यामागे नमद्यासारखा थर निघाला होता. कापड, रजई, शिलाई, पिंजारकाम करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

चौथी गोष्ट दोष नव्हे. नवे यंत्र पहिले दोन-चार दिवस आतल्या आत अपडेट उतरवते, फायलींची नोंद करते, व्हायरसची तपासणी करते. तेवढे दिवस ते थोडे जास्त तापले तर घाबरू नये.

यंत्राच्या बाजूचा दोष

आम्ही लॅपटॉप लाकडी टेबलावर ठेवला, मागून थोडा उचलला आणि काम सकाळी आठच्या आत सुरू केले. फरक पडला. विवरण १९ तारखेला भरून झाले. पण एवढे करूनही, सकाळच्या गारव्यात, फक्त हिशेबाचा प्रोग्राम चालू असताना यंत्र तापतच होते आणि पंख्यातून खरखर येत होती. आता मात्र तक्रारीला जागा होती.

सेवा केंद्रात तंत्रज्ञाने पहिला प्रश्न विचारला, "चाचा, वापरता कुठे?" मुलाने माझ्याकडे पाहिले. मी खरे सांगितले की पहिला आठवडा गादीवर वापरला, नंतर टेबलावर. आपण गिऱ्हाइकाला थानातला ऐब दाखवून विकतो, तर तक्रार करताना आपली चूक कशी लपवायची? त्याने कंपनीच्या प्रोग्रामने पंख्याची चाचणी घेतली. पंखा पूर्ण वेगाने फिरतच नव्हता. वॉरंटीत नवा पंखा बसला, पैसा लागला नाही. टेबल आणि सकाळची वेळ यांची आम्ही तारीखवार नोंद ठेवली होती, ती तिथे कामी आली.

नव्या मालात ऐब असू शकतो, नाव कितीही मोठे असो. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने लॅपटॉपच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. सोनीने बनवलेल्या त्या बॅटऱ्या जास्त तापून पेट घेण्याचा धोका होता.

कायद्याची बाजू

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. सदोष मालाची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण व्यापाऱ्याने एक मेख समजून घ्यावी. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेल्या वस्तूला मात्र सूट आहे. तेव्हा फर्मच्या नावाने बिल घेऊन कराची वजावट घेतली असेल, तर समोरचा हा मुद्दा काढू शकतो. आपल्या कर सल्लागाराला आधी विचारावे. म्हणून पहिला भरवसा वॉरंटीचा आणि पक्क्या बिलाचा. त्यावर यंत्राचा अनुक्रमांक असलाच पाहिजे.

बांधवांनी एवढे करावे

१) यंत्र घेतल्या दिवसापासून रोज चालवून पाहावे. बदलून देण्याची मुदत पुष्कळदा सात-दहा दिवसांचीच असते. ती खोक्यात बंद ठेवून घालवू नये.

२) गादी, उशी, मांडी टाळावी. पाट किंवा टेबल पुरेसे आहे.

३) कूलरची ओली हवा थेट यंत्रावर सोडू नये.

४) पॉवर मोड बचतीचा ठेवावा. हिशेबाला जास्त वेग लागत नाही.

५) वॉरंटीत यंत्र बाहेर उघडू नये. जाळी बाहेरून मऊ ब्रशने पुसावी.

६) बॅटरी फुगली, झाकण उचलले गेले किंवा जळका वास आला तर चार्जर काढून वापर ताबडतोब थांबवावा. दाबू नये, टोचू नये.

७) रोजच्या हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि उधारी वहीतही ठेवावी.

आमचा लॅपटॉप आज ठीक चालतो. आता तो टेबलावर असतो आणि गादीवर फक्त मी बसतो. भांडण करून गेलो असतो तर कदाचित गादीच्या नावावर सारे ढकलले गेले असते. गप्प बसलो असतो तर बिघडलेल्या पंख्याने पुढचा हंगाम बुडवला असता. आपल्या वाट्याचा दोष आधी दूर करावा, मग समोरच्याच्या वाट्याचा ठामपणे मागावा. कापडाच्या व्यवहारात आपण हेच करत आलो आहोत.