आरसेकामाचे फोटो काढताय? कॅमेऱ्याआधी ट्रायपॉड घ्या

हिंगोली जिल्ह्यातल्या तांड्यांवरचं बंजारा भरतकाम ऑनलाइन विकायचं, तर कांचळी असो की फेटिया, गिऱ्हाईक टाका बघूनच पैसे मोजतं. फोटो नेमका तिथेच फसतो. भरतकामातल्या आरशांत फ्लॅश चमकतो, नाहीतर आपलंच डोकं दिसतं. त्यासाठी पोलरायझर फिल्टर घेऊ नका. साध्या काचेची चकाकी तो कमी करतो, मुलामा दिलेल्या आरशापुढे त्याचं फारसं चालत नाही. त्यापेक्षा फ्लॅश बंद करा, दारात पांढरं धोतर टांगा आणि जरा तिरकं, लांब उभं राहा. मोबाइलला २एक्स लेन्स असेल तर तीच वापरा. धोतरातून उजेड कमी येतो, हात हलला की टाके पुसट होतात, म्हणून ट्रायपॉड हवाच. लाल रंग भडक येत असेल तर एक्स्पोजर थोडं खाली घ्या. डीएसएलआरचं नंतर बघू.